खेळावरचा शेरा

पापनाशम हे नाव घेतले की पुष्कळांना तिरुनेलवेलीकडचे, डोंगराच्या पायथ्याचे पापनाशम आठवते. माझी बदली झाली ती त्या पापनाशमला नव्हे. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या भातखाचरांत, कुडमुरुट्टी नदीच्या काठी हे दुसरे पापनाशम वसलेले आहे. एकशे आठ शिवलिंगांचे देऊळ आणि जवळच्या तिरुप्पालैत्तुरै येथील, नायक राजांच्या वेळचे विटांचे अवाढव्य धान्यकोठार ही येथील दोन प्रेक्षणीय स्थळे. ती पहिल्या आठवड्यातच पाहून झाली. मग उरल्या त्या संध्याकाळी. बदलीच्या गावी दिवस कचेरीत सरतो, रात्र झोपेत सरते. संध्याकाळ मात्र सरता सरत नाही, हा अनुभव ह्या मासिकाच्या बहुतेक वाचकांना असेलच.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून येथे आला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. फराळ झाल्यावर त्याने एक वही पुढे केली. तिच्या पानापानांवर मोबाईलच्या पडद्याएवढे चौकोन आखलेले होते आणि चौकोनांत बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेले होते. "काका, मोबाईलवरचे एक ॲप करतो आहे," तो म्हणाला. "व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी त्यावर आपापला अभिप्राय लिहायचा, मित्रांचे अभिप्राय वाचायचे आणि कोणता खेळ घ्यायचा ते ठरवायचे." मला हसू आले. पुस्तकावर अभिप्राय असतो, नाटकावर असतो. खेळावर कसला अभिप्राय? आवडला तर खेळावा, नाही तर पट गुंडाळून ठेवावा! मी तसे बोलूनही गेलो. तो गप्प बसला.

त्या गप्प बसण्याचे कारण मला दोन दिवसांनी कळले. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या एका मित्राने सहा महिने खपून आपल्याकडचा वाघ-शेळीचा खेळ मोबाईलवर आणला होता आणि एका ॲपच्या दुकानात तो ठेवला होता. पहिल्या चार दिवसांत अकरा जणांनी त्याला गुण दिले. त्यांपैकी नऊ जणांनी पाचांतली एकच चांदणी दिली आणि कोणीही एक शब्दसुद्धा लिहिला नाही. पाचव्या दिवशी ह्या मुलांनी खेळ उतरवून घेतला. "वाईट म्हटले ह्याचे दुःख नाही, काका," तो म्हणाला. "काय वाईट ते कोणी सांगितले असते तर दुरुस्त केले असते."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. माझा सारा जन्म कागदांवर शेरे मारण्यात गेला आहे. शेरा कसा असावा हे आम्हां कचेरीतल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. त्याखाली सही हवी, तारीख हवी, आणि लिहिणाऱ्याने जागा स्वतः पाहिली आहे की नुसत्या ऐकीव माहितीवर लिहिले आहे, हे त्यातून उघड व्हावे. ह्या तिन्हींवाचून लिहिलेला शेरा कोणताही वरिष्ठ विचारात घेत नाही. मग लाखो माणसे खेळांवर शेरे मारत असताना हा साधा नियम कोठे हरवला? जुन्या प्रकरणाचे कागद वरपासून चाळावेत तसा ह्या प्रश्नाचा इतिहास मी चाळला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

आरंभ ह्याच प्रदेशापासून करता येईल. तंजावर भागातल्या पुष्कळ जुन्या देवळांच्या मंडपात खाली पाहत चालले तर फरशीवर कोरलेले पट दिसतात. कोठे वाघ-शेळीचा, म्हणजे येथल्या 'आडु पुलि आट्टम'चा त्रिकोणी पट असतो, तर कोठे पल्लांगुळीच्या खळग्यांची दुहेरी ओळ. नीडामंगलमजवळच्या तिरुप्पूवनूर येथील शंकराचे तर नावच चतुरंग वल्लभनाथर असे आहे. राजकन्येला बुद्धिबळात जिंकून देवाने तिच्याशी विवाह केला, अशी तेथील स्थलकथा. २०२२ साली मामल्लपुरम येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड भरले तेव्हा ह्या देवळाचे नाव देशभर झाले. सांगायचे ते इतकेच की येथे खेळाची वाण कधीच नव्हती. तरीही त्या फरशांवर कोणी 'हा खेळ चांगला' किंवा 'हा खेळ कंटाळवाणा' असे कोरून ठेवलेले नाही. त्याची गरजच नव्हती. खेळ शिकवणारा समोर बसलेला असे. त्याला खेळ कितपत येतो, तो हरला की चिडतो काय, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. अभिप्राय आणि अभिप्राय देणारा ही दोन माणसाला एकाच वेळी दिसत.

लेखनात खेळ आले तेही अभिप्रायाच्या रूपाने नव्हेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' रचला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे, कारण जुन्या मराठीचे काही नमुने त्यात जपलेले आहेत. त्यातील शंभर अध्यायांपैकी शेवटचे वीस क्रीडांना वाहिलेले आहेत. बुद्धिबळ आणि फासे यांचा विचार त्यांत आहे. पुढे १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक संस्कृतावरून इंग्रजीत येऊन छापले गेले. नावावरूनच दक्षिणेकडचा वाटणारा हा पंडित मुंबईच्या छापखान्यातून इंग्रज वाचकांपुढे आला आणि तीन वर्षांनी त्याचे डाव लंडनमध्येही पुन्हा छापले गेले. मराठीत अनंत बाबाजी देवधरांनी १९०५ साली 'मराठी खेळांचे पुस्तक' सिद्ध केले. परमुलखातल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा असे काम तर बडोद्यात झाले. दत्तात्रय चिंतामण करंदीकर, ज्यांना सारे आबासाहेब मुजुमदार म्हणून ओळखत, त्यांनी १९३६ ते १९४९ ह्या काळात 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड प्रसिद्ध केले.

ह्या साऱ्या ग्रंथांत नियम आहेत, डाव आहेत, वर्णने आहेत. परीक्षण म्हणावे असे काही सहसा नाही. ह्याचे कारण उघड आहे. वाघ-शेळीला कोणी कर्ता नाही, सोंगट्यांच्या खेळाला किंमत नाही, हुतूतूची पुढच्या वर्षी नवी आवृत्ती निघत नाही. ज्या वस्तूला कर्ता आहे, किंमत आहे आणि जिच्यासारख्या आणखी शंभर वस्तू बाजारात आहेत, तिच्याच बाबतीत 'घ्यावी की न घ्यावी' हा प्रश्न उत्पन्न होतो. मराठी पुस्तकांवर हा प्रसंग एकोणिसाव्या शतकात आला. छापखाने वाढले, पुस्तके वाढली आणि १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'सारख्या मासिकांत ग्रंथपरीक्षणाला जागा मिळाली. खेळांवर तोच प्रसंग येण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

तो आला अमेरिकेत. दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून घरी खेळता येणारे खेळ गेल्या शतकाच्या आठव्या दशकात तेथे विकले जाऊ लागले. खेळाची डबी बाहेरून सुंदर दिसे; आत काय आहे ते पैसे मोजून घरी नेल्यावाचून कळत नसे. १९७९ साली 'व्हिडिओ' नावाच्या नियतकालिकात बिल कंकेल आणि आर्नी कॅट्झ ह्या दोघांनी 'आर्केड ॲली' हे सदर सुरू केले. खेळांच्या नियमित परीक्षणाचा उगम सामान्यतः ह्या सदरात शोधला जातो. १९८१ साली ह्याच मंडळींनी 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे स्वतंत्र मासिक काढले आणि त्याच वर्षी इंग्लंडात 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' निघाले.

परंतु लाखो ग्राहकांच्या मानाने हे वाचक मूठभर होते. १९८२ च्या नाताळात अटारी कंपनीने 'ई. टी.' ह्या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ बाजारात आणला. तो एका माणसाने सुमारे पाच आठवड्यांत घाईघाईने रचलेला होता. चित्रपटाच्या नावावर लोकांनी तो घेतला आणि घरोघर मुले हिरमुसली. अशाच पुष्कळ कच्च्या मालाने दुकाने भरली होती. चांगले कोणते, वाईट कोणते हे निवडण्याचे साधन ग्राहकाजवळ नव्हते. म्हणून त्याने सगळ्याच खेळांकडे पाठ फिरवली आणि १९८३ साली तो सारा धंदा कोसळला. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे खड्ड्यात पुरला. ही नुसती दंतकथा आहे असे कित्येक जण म्हणत. पण २०१४ साली उकरल्यावर त्या डब्या खरोखरच बाहेर निघाल्या. घसरणीला इतरही कारणे होती हे खरे. तथापि ज्या बाजारात विश्वासाने सांगणारा कोणी नसतो, तेथे वाईट मालाबरोबर चांगला मालही पुरला जातो, एवढा बोध ह्या खड्ड्यावरून घ्यायला हरकत नाही.

ह्यावर पहिला उपाय विक्रेत्यांनीच काढला. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपले यंत्र अमेरिकेत नेले तेव्हा मान्य केलेल्या प्रत्येक खेळाच्या डबीवर तिने आपला सोनेरी शिक्का उमटवला. पण शिक्का म्हणजे शेरा नव्हे. शिक्का विकणाऱ्याचा असतो. शेरा वापरून पाहणाऱ्याचा असावा लागतो.

वापरून पाहणाऱ्यांचा शेरा कसा असावा ह्याचा सर्वांत रम्य प्रयोग मला आढळला तो इंग्लंडच्या लडलो ह्या लहानशा गावी. १९८४ साली तेथून 'क्रॅश' हे मासिक निघाले आणि पुढच्या वर्षी त्याचे भावंड 'झॅप सिक्स्टीफोर'. परीक्षणासाठी ह्या मंडळींनी गावच्या शाळेतली मुले हाताशी धरली. एकाच खेळावर तिघांचे वेगवेगळे अभिप्राय छापत. 'झॅप'मध्ये तर अभिप्रायाशेजारी परीक्षकाच्या चेहऱ्याचे चित्रही असे: खेळ आवडला असेल तर डोळे विस्फारलेले, नसेल तर तोंड वाकडे. वाचक हळूहळू ते चेहरे ओळखू लागले. अमक्याला मारामारीचे खेळ आवडतात, तमका कोड्यांत रमतो, हे त्यांना कळू लागले आणि आपली आवड ज्याच्याशी जुळते त्याच्या शब्दावर ते पैसे खर्च करू लागले. देवळाच्या फरशीवर समोरासमोर बसणाऱ्यांचा संबंध काही अंशी छापील पानावर पुन्हा जुळला, असेच म्हटले पाहिजे.

त्याच पानांवर दुसरे एक बीजही पडले. अभिप्रायाच्या शेवटी शेकड्यात गुण देण्याची पद्धत ह्या मासिकांनी रूढ केली. १९८६ साली निघालेल्या जपानच्या 'फामित्सू'ने चार परीक्षकांनी प्रत्येकी दहांपैकी गुण द्यावेत अशी प्रथा पाडली. चाळीसपैकी चाळीस गुण मिळवणारा पहिला खेळ १९९८ साली निघाला, यावरून ते परीक्षक किती कृपण होते हे दिसते. आकडा सोयीचा असतो. तो लक्षात राहतो, दुसऱ्याला सांगता येतो आणि भाषा न कळणाऱ्यालाही कळतो. पण आकड्याला चेहरा नसतो. शब्दांपासून तो सुटा झाला की कोणीही उचलून कोठेही लावू शकतो.

तसेच पुढे घडले. २००१ साली 'मेटाक्रिटिक'ने निरनिराळ्या परीक्षकांचे गुण एकत्र करून त्यांची सरासरी काढण्यास प्रारंभ केला. कोणाच्या मताला किती वजन द्यायचे ते त्यांचे त्यांनी ठरवले आणि गुप्त ठेवले. २०१२ साली असे उघड झाले की 'फॉलआउट: न्यू व्हेगस' ह्या खेळाच्या कर्त्यांना पंच्याऐंशी गुण पडले तर जादा मोबदला मिळायचा होता, पडले चौऱ्याऐंशी. एका गुणाने माणसांच्या मिळकतीचा निकाल लागला आणि तो गुण नेमका कोणाचा कमी पडला, हे कोणालाच सांगता येईना! आम्हां नोकरदारांना गोपनीय अहवालाची आठवण व्हावी असा हा प्रकार.

२००८ साली ॲपलचे आणि गूगलचे अशी दोन्ही ॲप-दुकाने उघडली आणि चांदण्यांचे राज्य सुरू झाले. आता परीक्षक कोणी निवडलेला नव्हता. मोबाईल बाळगणारा प्रत्येक जण परीक्षक होता. ह्यात लोकशाहीचा मोठा लाभ आहे हे मी नाकारीत नाही. लहान गावातल्या मुलाचे मत न्यूयॉर्कच्या मासिकाइतकेच मोजले जाऊ लागले, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. परंतु साक्षीदाराची ओळख मात्र पार पुसली गेली. आपल्या देशातलीच दोन उदाहरणे पाहा. २०१७ च्या एप्रिलात 'स्नॅपचॅट'च्या प्रमुखाने हिंदुस्थानाविषयी अपमानकारक उद्गार काढल्याचा आरोप झाला आणि लोक खवळले. संतापाच्या भरात कित्येकांनी एका चांदणीचा मारा केला तो 'स्नॅपडील' ह्या भलत्याच देशी दुकानावर. नावात साम्य होते, एवढाच त्याचा अपराध. २०२० च्या मे महिन्यात यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांच्या भांडणात टिकटॉकचे गुण पाचांपैकी सव्वाच्या आसपास घसरले आणि अखेर गूगलला लाखो शेरे काढून टाकावे लागले. जागा न पाहता शेरा मारण्याची ही परमावधी झाली.

मग उपाय शोधणे भाग पडले आणि ते एकेक पाहत गेल्यावर मला मौज वाटली. कारण प्रत्येक उपाय म्हणजे आमच्या कचेरीतला एकेक जुना नियम होता. संगणकावरील खेळांचे मोठे दुकान 'स्टीम' येथे २०१३ पासून ग्राहकांचे अभिप्राय येऊ लागले. तेथे खेळ ज्याच्या खात्यात आहे त्यालाच लिहिता येते, आणि त्याने किती तास खेळून लिहिले ते नावाशेजारी दिसते. म्हणजे हा स्थळपाहणीचा दाखला झाला. २०१६ पासून तेथे जुने अभिप्राय आणि अलीकडचे अभिप्राय वेगळे दाखवू लागले. हे महत्त्वाचे आहे, कारण आजचा खेळ प्रसिद्ध झाल्यावरही बदलत राहतो. 'नो मॅन्स स्काय' ह्या खेळाची २०१६ साली जगभर निर्भर्त्सना झाली. कर्ते खचले नाहीत, वर्षानुवर्षे तो विनामूल्य सुधारत राहिले आणि पुढे त्याच खेळाची स्तुती झाली. शेऱ्याखाली तारीख का हवी ते ह्यावरून समजावे. २०१९ साली 'स्टीम'ने खेळाशी संबंध नसलेल्या संतापाचे गुण हिशेबातून वगळण्याचे ठरवले. २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग निघाला त्या दिवशीच, इतका लांबलचक खेळ खेळून संपवणे शक्य नसताना, हजारोंनी शून्य गुण दिले. तेव्हा 'मेटाक्रिटिक'ने खेळ निघाल्यावर छत्तीस तास वाचकांचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. २०२२ साली 'एपिक'च्या दुकानाने आणखी पुढची पायरी गाठली: किमान दोन तास खेळलेल्यांतून मधूनच कोणालाही निवडून त्यालाच मत विचारायचे. ओरडत येणाऱ्याला नव्हे, तर गप्प बसलेल्याला विचारायचे, ही कल्पना मला फार आवडली.

ह्या साऱ्यात पणाला लागलेले असते ते लहान कर्त्याचे नशीब. मोठ्या कंपनीला जाहिरातीचे बळ असते. लहानाला चार प्रामाणिक शब्दांवाचून दुसरा आधार नसतो. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या छोट्या संस्थेने भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला 'राजी' हा खेळ रचायला घेतला. २०१७ साली लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी तो तडीस नेला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला. देशोदेशींच्या परीक्षकांनी त्यातील चित्रकारीची वाखाणणी केली आणि झुंजीतले कच्चे दुवे व अर्धवट वाटणारा शेवट ह्यांवर बोटही ठेवले. त्या वर्षी जागतिक पारितोषिकांत उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात ह्या पुणेकर खेळाला नामांकन मिळाले. असा अभिप्राय कर्त्याला उभे करतो, कारण त्यात स्तुती आणि दोष दोन्ही कारणांसह येतात.

एवढे वाचून झाल्यावर मी पुतण्याला घेऊन तंजावरला गेलो. मराठी माणसाने तंजावरी जाऊन सरस्वतीमहाल पाहू नये हे शक्य नाही. सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या ग्रंथप्रेमाची कथा सर्वश्रुत आहे. मला त्याला सांगायची होती ती दुसरी गोष्ट. राजांना वैद्यकाचा, विशेषतः नेत्रचिकित्सेचा नाद होता. त्यांच्या संग्रहात नेत्ररोग्यांच्या नोंदी आहेत. रोग्याच्या डोळ्याचे चित्र, काय विकार होता, काय उपचार केला, गुण किती आला, हे त्यांत टिपून ठेवलेले आहे. दोनशे वर्षांनंतर आजच्या वैद्यांनीही त्या नोंदी अभ्यासल्या. "समज," मी त्याला म्हटले, "राजांनी प्रत्येक रोग्यापुढे नुसत्या तीन किंवा चार चांदण्या काढून ठेवल्या असत्या, तर आज त्या कोणाच्या कामाला आल्या असत्या?"

तो हसला, पण हरला नाही. "काका, तुम्ही परवा कुंभकोणमला जेवायला कोठे जायचे ते कसे ठरवलेत?" मी निरुत्तर झालो. मी मोबाईलवर चांदण्याच पाहिल्या होत्या. दहा माणसांचे अभिप्राय वाचायला भुकेल्या माणसाजवळ वेळ नसतो, हे त्याचे म्हणणे खरे होते. आकडा टाकून देता येणार नाही. मात्र त्याला पहिल्या मानाची खुर्ची द्यायची की नाही, हा रचनाकाराच्या हातचा प्रश्न आहे.

खरा निवाडा झाला तो आमच्या शेजारच्या ओसरीवर. तेथे एक निवृत्त मास्तर राहतात. एकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापल्यानंतरच्या काळात केव्हातरी त्यांचे पूर्वज इकडे आले. १८५५ साली ते राज्य संपले, तरी ह्यांच्या घरातली मराठी अजून टिकून आहे. तिचे वळण आपल्या कानांना निराळे वाटते, पण जिव्हाळा ओळखीचा. पुतण्याने भीत भीत आपला उतरवून घेतलेला वाघ-शेळीचा खेळ त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी चष्मा सावरला, दोन डाव खेळले, तिसरा अर्ध्यात सोडला आणि मोबाईल परत दिला.

"बाळ, चित्रे सुरेख काढलीस," ते म्हणाले. "पण पंधराही शेळ्या पटावर मांडून होण्याआधीच तुझ्या शेळ्या चालू लागतात. तसे चालत नाही. सगळ्या मांडून झाल्यावरच शेळीने हलायचे. तू तिला आधीच मोकळी सोडलीस, म्हणून तीन वाघ दर डावात कोंडले जातात. वाघच जिंकू शकत नसेल, तर शेळीला भिण्याचे कारण काय?"

पुतण्या कितीतरी वेळ मोबाईलकडे पाहत बसला. त्या नऊ जणांचे चुकले नव्हते. खेळ खरोखरच बिघडलेला होता. परंतु नऊ चांदण्यांनी दोन वर्षांत जे सांगितले नाही ते एका म्हाताऱ्याने पाऊण तासात सांगितले. आणि ते पटले, कारण तो तीन डाव खेळून बोलत होता, समोर बसून बोलत होता आणि त्याला हा खेळ लहानपणापासून येत होता.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही एकशे आठ लिंगांच्या देवळात गेलो. येथील कथा अशी सांगतात की रामाच्या पूजेसाठी सीतेने वाळूची एकशे सात लिंगे केली आणि काशीहून लिंग आणायला गेलेला मारुती उशिरा पोचला. त्याने आणलेले एकशे आठवे लिंग वेगळे आहे. त्याचे दर्शन घेतल्यावाचून बाकीच्यांच्या दर्शनाचे फळ पुरे मिळत नाही. ओळीने उभी असलेली ती एकसारखी लिंगे पाहत असताना पुतण्या म्हणाला, "सरासरी काढली असती तर हे एक कोणाच्या लक्षातही आले नसते." मला ते बोलणे त्याच्या वयाच्या मानाने फार शहाणपणाचे वाटले.

वही परत जाताना बदललेली होती. पूर्वी प्रत्येक चौकोनाच्या माथ्यावर मोठा आकडा होता. आता तेथे ओळखीच्या माणसांचे अभिप्राय होते आणि आकडा खाली, लहान झाला होता. नावापुढे किती वेळ खेळून लिहिले ते होते, तारीख होती. दोन ओळी लिहिल्यावाचून चांदणी देता येणार नव्हती. मत बदलले तर नवे लिहावे, पण जुने पुसू नये, त्यावर आडवी रेघ यावी, ही सूचना माझी. कचेरीतही खाडाखोड करायची नसते, रेघ मारून बाजूला सही करायची असते. लपवायची गोष्ट एकच ठेवली होती: खेळाचा शेवट कोणी सांगून टाकला असेल तर तेवढ्या ओळी झाकलेल्या असाव्यात. आणि अभिप्राय कोणत्या भाषेत लिहिला ते दिसावे, म्हणजे मास्तरांसारख्यांना आपल्या घरातल्या मराठीतही लिहिता येईल.

हे ॲप चालेल की नाही ते मी सांगू शकत नाही. अशी साधने पुष्कळ निघतात आणि पुष्कळ बंद पडतात. पुढच्या पिढीने मोबाईल कमी पाहावा असे मलाही वाटते. पण मुले खेळणार आहेतच. तेव्हा खेळांविषयी त्यांनी जबाबदारीने बोलावे, दुसऱ्याच्या श्रमांवर शेरा मारताना आपले नाव खाली घालावे, एवढी अपेक्षा वडीलधाऱ्यांनी का करू नये?

गेल्या आठवड्यात त्याने दुरुस्त केलेला वाघ-शेळीचा खेळ आणि त्याच्या ॲपची कच्ची प्रत मला पाठवली. चार संध्याकाळी मी तो खेळलो. मग शेरा लिहिला: "सहा तास खेळलो. शेळ्यांची चूक दुरुस्त झाली आहे. वाघ दोन डावांत हरला, तीन डावांत जिंकला. अक्षर फार बारीक. वयस्कांना दिसत नाही. आवाज बंद करण्याची सोय हवी." खाली नाव, गाव आणि तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. "शेरा वाचला. अक्षराचा दोष मान्य. रविवारपर्यंत दुरुस्त करतो. मास्तरांना आणखी एक डाव खेळायला सांगा."